लस घेतली, कोविडही होऊन गेला. मग नव्या व्हेरियंटपुढे शरीराकडे काय उरतं?

प्रश्न थोडक्यात: सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वडील ७१ वर्षांचे, त्यांना मधुमेह. कोविशील्डचे तीन डोस झालेत, तरी २०२५ च्या जूनमध्ये त्यांना कोविड झाला. तीन दिवस ताप आला आणि घरीच बरे झाले. मला २०२१ च्या एप्रिलमध्ये जोरात झाला होता, ऑक्सिजन लावावा लागला. नंतर कोविशील्डचे दोन डोस घेतले. बायकोला कोव्हॅक्सिन मिळालं. आत्याला संधिवात आहे, रिटुक्सिमॅबची इंजेक्शनं चालू आहेत. वडिलांचा अँटिबॉडी रिपोर्ट आजाराच्या दोन महिने आधी काढला होता, तो ‘२५० पेक्षा जास्त’ होता. मग परत कसा झाला? नवा व्हेरियंट आला की जुनी प्रतिकारशक्ती वाया जाते का? घरच्यांच्या आणि कामगारांच्या अँटिबॉडी तपासून ज्याच्या कमी त्याला बूस्टर द्यावा का?

उत्तर:

अँटिबॉडी तपासायला कुणालाही नेऊ नका. कामगारांना तर नाहीच नाही. त्या पैशांचा जास्त चांगला उपयोग आहे, तो पुढे येईलच.

आधी वडिलांचा रिपोर्ट बघू. ‘२५० पेक्षा जास्त’ वाचून साठा भरपूर आहे असं वाटतं. पण या तपासणीचं नेहमीचं यंत्र रक्ताचा नमुना पातळ न करता २५० युनिटपर्यंतच मोजतं. प्रत्यक्षात २६० असोत की दहा हजार, कागदावर तीच ओळ छापून येते. शिवाय या तपासणीत अँटिबॉडी विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला चिकटतात की नाही एवढंच कळतं, आणि ते स्पाइक २०२० मधल्या मूळ विषाणूचं असतं. वडिलांना २०२५ मध्ये झाला तो ओमिक्रॉनच्या जेएन.१ कुळातला. त्याच्या स्पाइकची ठेवण बरीच बदललेली आहे. चिकटणं आणि अडवणं यातही फरक आहे. विषाणूला पेशीत शिरू न देणाऱ्या अँटिबॉडी मोजायच्या तर त्या त्या व्हेरियंटचा विषाणू किंवा त्याची निरुपद्रवी नक्कल घेऊन प्रयोग करावा लागतो. ते संशोधन संस्थेचं काम आहे, नेहमीच्या लॅबचं नाही. म्हणून त्या कागदावरून ‘आता होणार नाही’ असं म्हणता येत नव्हतं, आणि आकडा कमी आला असता तरी ‘आता काही खरं नाही’ असंही म्हणता आलं नसतं.

२०२२ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास ओमिक्रॉनची लाट आली तेव्हा ओपीडीत हाच प्रश्न रोज ऐकू यायचा. “डॉक्टर, दोन सुया घेतल्या की ओ, मग परत कसं आलं?” त्याचं उत्तर कळायचं तर शरीरात काय काय तयार होतं ते जरा नीट बघायला हवं.

लस घेतल्यावर किंवा आजार झाल्यावर काखेतल्या, मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये बी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कामाला लागतात. त्यातल्या काही लगेच अँटिबॉडी बनवू लागतात. दोन-चार आठवड्यांत रक्तातलं प्रमाण खूप वर जातं. पण या पेशींचं आयुष्य कमी असतं, आणि आयजीजी जातीची अँटिबॉडी रक्तात साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. त्यामुळे पहिल्या चढानंतर उतार येणारच. याला लोक ‘लसीचा असर गेला’ म्हणतात. तसं ते नाही. कोणताही संसर्ग घ्या, शरीर त्या उंचीवर कायम राहत नाही, राहूही नये. मागे दोन गोष्टी उरतात. काही पेशी अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि थोड्या थोड्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं बनवत राहतात. दुसऱ्या असतात स्मृतिपेशी, ज्या गप्प राहतात आणि तोच विषाणू किंवा त्याचा भाऊबंद पुन्हा आला की जाग्या होतात. या स्मृतिपेशी कित्येक महिने लसिका ग्रंथींत घडत राहतात, त्यांची पकड पक्की होते आणि थोड्या बदललेल्या स्पाइकलाही धरू शकेल अशी रुंद होते. रक्तातल्या अँटिबॉडीचा आकडा उतरत असतो, त्याच काळात आत ही घडण चालू असते. रिपोर्टमध्ये ती दिसत नाही.

आता व्हेरियंट काय करतो? स्पाइकच्या टोकाला एक भाग आहे, तो आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला जाऊन बसतो. सर्वात कामाच्या अँटिबॉडी याच भागावर बसतात, म्हणून विषाणूला सुटायचं असेल तर तिथेच बदल करणं त्याच्या फायद्याचं. २०२१ च्या मार्चमध्ये ‘डबल म्युटंट’ म्हणून ज्याची चर्चा झाली तो विषाणू आपल्या महाराष्ट्रातल्या नमुन्यांतच मोठ्या प्रमाणावर सापडला होता, आणि त्याच कुळातल्या भावाला पुढे डेल्टा नाव मिळालं. डेल्टाने स्पाइकमध्ये मोजके बदल केले. लसीच्या अँटिबॉडींची अडवण्याची ताकद त्याच्यापुढे काही पटींनी कमी झाली, पण बऱ्यापैकी टिकली. ब्रिटनमधल्या अभ्यासात आपल्याच कोविशील्डच्या सूत्राच्या लसीचे दोन डोस डेल्टाच्या लक्षणांच्या आजारापासून सुमारे ६७ टक्के आणि दवाखान्यात भरती होण्यापासून ९० टक्क्यांच्या वर संरक्षण देत होते. कोव्हॅक्सिनच्या चाचणीत डेल्टाविरुद्धचा आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास होता.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ओमिक्रॉन आला, त्याच्या स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल होते आणि त्यातले पंधराच्या आसपास नेमके त्या टोकाच्या भागात. दोन डोस घेतलेल्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींची अडवण्याची ताकद त्याच्यापुढे वीस ते चाळीस पटींपर्यंत घसरलेली दिसली. दुसरा डोस होऊन पाच-सहा महिने झालेल्यांमध्ये कोविशील्डच्या सूत्राच्या लसीचं साध्या लक्षणांपासूनचं संरक्षण जवळपास संपलं होतं.

नुसत्या अँटिबॉडीवर विसंबलं की काय होतं, हे त्या वेळच्या एका औषधावरून स्वच्छ दिसतं. २०२१ च्या मेमध्ये ‘अँटिबॉडी कॉकटेल’ आलं. दोन ठरावीक अँटिबॉडी बाहेर बनवून शिरेतून द्यायच्या, एका रुग्णाच्या डोसची किंमत सुमारे ६० हजार रुपये. डेल्टात त्याचा खरा उपयोग होता. ओमिक्रॉन आला आणि त्या दोन्ही अँटिबॉडी ज्या जागी बसायच्या त्या जागाच बदलल्या. औषध निकामी झालं. लस घेतलेल्या माणसांचं मात्र तसं झालं नाही. विषाणू तोच होता, तरी ओमिक्रॉनच्या लाटेत वॉर्ड २०२१ च्या एप्रिल-मेसारखे भरले नाहीत. ओमिक्रॉन फुप्फुसांत खोलवर कमी वाढतो हे त्याचं एक कारण आहे. पण लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यानेही गंभीर केलं, म्हणजे सगळं श्रेय विषाणूच्या मवाळपणाला देता येत नाही.

कॉकटेलमध्ये नव्हतं आणि माणसात होतं ते म्हणजे टी-पेशी, पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार. याच भागाकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अँटिबॉडी स्पाइकचा बाहेरचा आकार ओळखते. आकार बदलला की ती घसरते. टी-पेशींची रीत वेगळी आहे. विषाणू एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी-पेशी ते तुकडे तपासते. तुमच्या धंद्यातलं उदाहरण घ्या: काठ आणि रंग बदलून कुणी दुसऱ्याच नावाने चादर विकली, तरी जुना विणकर तिचा हातभर तुकडा चाचपून वीण कुठली ते सांगतो. ओमिक्रॉनने स्पाइकच्या टोकाला इतके बदल केले, तरी टी-पेशी ओळखतात ते बहुतेक तुकडे जसेच्या तसे राहिले. विषाणूलाही ते सगळे बदलणं परवडत नाही. आणि प्रत्येक माणसाच्या पेशी वेगवेगळे तुकडे मांडतात, त्यामुळे एका बदलाने सगळ्यांच्या टी-पेशी चुकवणं त्याला जमत नाही. २००३ मध्ये सार्स झालेल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या आहेत. टिकाऊपणाची कल्पना त्यावरून येईल.

मग टी-पेशी आहेत, स्मृतिपेशी आहेत, तर वडिलांना ताप आलाच का? इथे वेळेचा हिशेब आहे. झोपलेल्या स्मृतिपेशी जाग्या होऊन पुरेशी संख्या वाढवायला तीन ते पाच दिवस घेतात. मूळ विषाणूला लक्षणं दाखवायला सरासरी पाच-सहा दिवस लागत, डेल्टाला चारच्या आसपास, ओमिक्रॉनला साधारण तीन. म्हणजे आजचा विषाणू नाका-घशात वाढून ताप आणेपर्यंत स्मृतिपेशी अजून तयारीतच असतात. त्यात दंडात टोचलेली लस रक्तात अँटिबॉडी भरपूर देते, पण नाकाच्या अस्तरावर लागणारी आयजीए जात फारशी वाढवत नाही, म्हणून दाराशीच अडवणं कठीण जातं. फुप्फुसांचा गंभीर आजार मात्र साधारण दुसऱ्या आठवड्यात होतो. तोपर्यंत हे सगळं सैन्य हजर झालेलं असतं. तुमच्या वडिलांना तीन दिवस ताप आला आणि मधुमेह असूनही, ७१ व्या वर्षी ते घरीच बरे झाले. लस वाया गेली असं तुम्हाला वाटतंय, पण मला त्यात लसीचं काम झालेलं दिसतं.

लस बरी की आजार बरा, हा वाद आता मागे पडला आहे. आपल्याकडे बहुतेकांना दोन्ही मिळालंय. २०२१ च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने केलेल्या देशव्यापी पाहणीतच ६७ टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये अँटिबॉडी सापडल्या होत्या, आणि तेव्हा ओमिक्रॉन यायचाच होता. लस अधिक संसर्ग अशी मिळून आलेली प्रतिकारशक्ती सर्वात भक्कम ठरली. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२३ मध्ये आला. ओमिक्रॉनच्या काळात एक वर्षानंतर गंभीर आजारापासून संरक्षण नुसत्या जुन्या संसर्गाने सुमारे ७५ टक्के, तर दोन्ही झालेल्यांमध्ये ९७ टक्क्यांच्या आसपास. पुन्हा संसर्ग होण्यापासून मात्र त्याच लोकांना एका वर्षाने ४२ टक्क्यांच्याच जवळपास संरक्षण उरलं होतं. ९७ आणि ४२ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. पण यावरून कुणी ‘मग मुद्दाम होऊन जाऊ दे’ म्हणू नये. तुम्ही स्वतः २०२१ मध्ये ऑक्सिजनवर होता. ती प्रतिकारशक्ती कोणत्या किमतीत मिळाली हे तुमच्या घराला माहीत आहे.

कोविशील्ड की कोव्हॅक्सिन, हेही लोक अजून विचारतात. कोविशील्ड फक्त स्पाइकची ओळख करून देते, कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला पूर्ण विषाणू असतो, त्यामुळे आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाचीही ओळख होते. इतकी वर्षं आणि इतके संसर्ग झाल्यावर रोजच्या व्यवहारात या फरकाला फारसा अर्थ उरलेला नाही. एक मात्र लक्षात ठेवा: तुमच्या बायकोच्या रिपोर्टमध्ये न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटिबॉडी आल्या तर ‘तुम्हाला नकळत कोविड होऊन गेला’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. लसीनेही त्या येतात.

बूस्टरबद्दल माझं मत सांगतो. २०२० च्या मूळ विषाणूवर बनवलेला डोस पुन्हा पुन्हा घेण्यात आता फारसा लाभ नाही. पहिली ओळख ज्या रूपाशी झाली त्याच रूपाच्या अँटिबॉडी शरीर आधी काढतं, ही इन्फ्लुएन्झात फार पूर्वी दिसलेली गोष्ट इथेही दिसली. जुनंच रूप परत दाखवलं की जुनाच साठा वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये मूळ विषाणू लसीतून वगळून ओमिक्रॉनच्या एक्सबीबी या रूपावर, आणि २०२४ मध्ये जेएन.१ वर लस बनवायला सांगितलं. वडिलांना जूनमध्ये झालेला संसर्ग म्हणजे त्यांच्या स्मृतिपेशींना मिळालेला ताजा धडाच होता, त्यानंतर निदान सहा महिने तरी डोसची घाई नको. पुढे नव्या रूपावरची लस मिळत असेल तर त्यांच्या वयाला आणि मधुमेहाला ती जरूर द्यावी. तुम्हाला आणि तुमच्या बायकोला, दुसरा काही आजार नसेल तर, मी आज डोस सुचवणार नाही.

वडिलांसाठी बूस्टरइतकंच महत्त्वाचं म्हणजे साखर. साखर सतत चढलेली असली की टी-पेशी आणि इतर पांढऱ्या पेशीही सुस्तावतात, स्मृती कितीही चांगली असली तरी. अँटिबॉडीऐवजी दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करा. आणि ताप-खोकला आला तर पहिल्या दोन दिवसांतच कोविडची चाचणी करून घ्या. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर हे विषाणूविरोधी औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावं लागतं. त्याचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही आणि किडनीप्रमाणे मात्रा बदलते, म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉईड तर बिलकुल आणू नका. डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने जीव वाचले ते ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे. ऑक्सिजन नीट असताना, पहिल्याच आठवड्यात घेतलेलं स्टेरॉईड याच टी-पेशींना दाबतं आणि साखर चढवतं. दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) ज्यांचे डोळे आणि जबडे गेले त्यांच्यात अशी माणसं होती. मला तो काळ विसरता येत नाही.

आता आत्या. तुमच्या घरात मला खरी काळजी त्यांची आहे, आणि प्रश्नात त्यांचा उल्लेख सगळ्यात कमी आहे. रिटुक्सिमॅब बी-पेशीच काढून टाकतं. जुन्या अँटिबॉडी बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या पेशी त्यातून वाचतात, पण नवी ओळख करून घेणाऱ्या पेशी इंजेक्शननंतर सहा महिने किंवा जास्त काळ जवळजवळ नसतात. अशा वेळी घेतलेल्या लसीने अँटिबॉडी येत नाहीत किंवा अगदी थोड्या येतात. टी-पेशी मात्र तयार होतात, म्हणून ‘लस घेऊन उपयोग नाही’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. वेळ साधायला हवी. पुढच्या रिटुक्सिमॅबच्या साधारण चार आठवडे आधी डोस आणि डोसनंतर दोन ते चार आठवड्यांनी इंजेक्शन, हे त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. स्वतःहून इंजेक्शन पुढे ढकलू नका, सांधे भडकले तर जास्त स्टेरॉईड लागतं आणि तेही वाईटच. फ्लूची आणि न्यूमोकॉकलची लस राहिली असेल तर तीही विचारा.

आत्यांना कोविड झाला तर तो नेहमीसारखा पाच-सात दिवसांत आटपेल असं धरू नका. अँटिबॉडी नसल्या की विषाणू शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतो. ताप उतरून पुन्हा येतो, खोकला जात नाही, एक्स-रेवर डाग सरकत राहतात. असा दीर्घकाळ रेंगाळलेला संसर्ग हीच नवे व्हेरियंट तयार होण्याची एक जागा मानली जाते. म्हणून पहिल्या लक्षणालाच चाचणी आणि विषाणूविरोधी औषध. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने आत्यांच्या खोलीत मास्क लावूनच जायचं. घरातल्या इतरांचे डोस आणि काळजी हे त्यांच्यासाठीचं दुसरं कवच आहे. रिटुक्सिमॅबच्या आणि लसीच्या सगळ्या तारखा एका वहीत लिहून ठेवा. रात्री-अपरात्री दुसऱ्याच डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्या वहीइतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही.

कामगारांचं. त्यांच्या स्मृतिपेशी तुमच्यामाझ्यासारख्याच आहेत, बहुतेकांना लस आणि संसर्ग दोन्ही होऊन गेलेत. फरक आहे फुप्फुसांत. वर्षानुवर्षं सुताची धूळ, काहींना विडीचं व्यसन, शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत विड्या वळताना दिवसभर तंबाखूची भुकटी. प्रतिकारशक्तीने विषाणू वेळेत आवरला तरी अशा फुप्फुसाला थोडी सूजही झेपत नाही. अँटिबॉडीचे पैसे इथे घाला: कारखान्यात धूळ ओढणारे पंखे, बोटाला लावायचा एक चांगला ऑक्सिमीटर, आणि तापात सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी न कापणं. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर वाट न बघता दवाखान्यात पाठवा. आणि ज्याचा खोकला दोन आठवडे हटला नाही त्याची कोविडच्या नावाखाली बोळवण न करता थुंकी तपासा. सिव्हिलमध्ये आणि महापालिकेच्या दवाखान्यांत क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.